पोच

‘आपले पत्र पोचले, मजकूर कळला.’ आमच्या लहानपणी घरी येणाऱ्या बहुतेक पत्रांचा आरंभ असा होत असे. बिऱ्हाड इंदुरात आणि गोतावळा साताऱ्याकडे, अशा घरांना त्या शब्दांचे मोल विशेष वाटे. गावी मनीऑर्डर पाठवली की टपाल कचेरीतून पावती लगेच मिळे. परंतु पैसे घेणाऱ्याच्या सहीची वा अंगठ्याची चिठ्ठी परत येईपर्यंत वडील निश्चिंत होत नसत. पावती म्हणजे काम स्वीकारले आणि पोच म्हणजे काम झाले, हा भेद त्या पिढीला पक्का ठाऊक होता.

गेल्या पावसाळ्यात त्याची आठवण होण्याचा प्रसंग आला. विजेचे देयक भरण्यासाठी आम्ही एका संकेतस्थळावरील बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरले, थांबले आणि आधीचेच पान पुन्हा समोर आले. पैसे भरले की नाही, ह्याविषयी अवाक्षर नाही. आम्ही पुन्हा बटण दाबले, आणि रक्कम दोनदा कापली गेली. ती परत मिळण्यास पंधरवडा लागला, हे एक वेळ सोसता येईल. परंतु शेजारी बसून हा व्यवहार शिकत असलेल्या आमच्या काकूंनी त्या दिवसापासून पडद्याला हात लावलेला नाही. ‘माझंच काहीतरी चुकलं असणार,’ असे त्या म्हणतात. चूक त्यांची नव्हती, आमचीही नव्हती.

ह्या विषयाचे जाणकार याकोब निल्सन ह्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा सूत्रांपैकी पहिलेच असे आहे की, काय चालले आहे ते यंत्रणेने वापरणाऱ्यास वेळीच कळवीत राहावे. एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो. एक सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांहून अधिक काळ गेला की लक्ष उडते. विलंब होणार असेल, तर तसे सांगितलेच पाहिजे.

मात्र सांगणे खरे हवे. संगणकांच्या परस्पर संभाषणात २०२ ह्या संकेताचा अर्थ ‘विनंती स्वीकारली, काम अद्याप पुरे नाही’ असा आहे. ही झाली पावती. तिच्या आधारावर पडद्यावर ‘पैसे भरले’ असे झळकवणे म्हणजे पोचेची बतावणी होय. शिवाय नुसते ‘यशस्वी’ म्हणून भागत नाही. किती रुपये, कोणाच्या नावे, केव्हा आणि कोणत्या क्रमांकाने, हे लिहिलेले असावे. ते वाचून होण्याआधी नाहीसे होऊ नये. ज्यांना दिसत नाही त्यांचे काय? असे संदेश पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनासही कळावेत, अशी अट वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत २०१८ पासून आहे.

दुहेरी भरण्यावरही उपाय आहेत. काम होताच वापरणाऱ्यास निराळ्या पानावर नेले, तर ते पान पुन्हा उघडल्याने जुनी विनंती पुन्हा जात नाही. प्रत्येक विनंतीस स्वतंत्र क्रमांक दिला, तर तीच विनंती दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हर ती ओळखून बाजूला ठेवू शकतो. ह्यात अवघड असे फार थोडे आहे. वापरणाऱ्याची काळजी मात्र हवी.

व्हॉट्सॲपने हे साध्या खुणांनी साधले आहे. एक खूण म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे पोचला, आणि २०१४ पासून त्या निळ्या झाल्या की वाचला. काकूंना आम्ही तेवढेच समजावले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘म्हणजे पत्र पोचले, मजकूर कळला. मग विजेच्या बिलाला तेवढं सांगायला काय होतं?’

ह्या प्रश्नाचे उत्तर संकेतस्थळे घडवणाऱ्यांनी द्यावयाचे आहे. तोवर वाचकांनी एवढेच करावे : पडदा गप्प राहिला तर बटण पुन्हा दाबण्याआधी बँकेचे खाते पाहावे, आणि क्रमांक मिळाल्यास तो टिपून ठेवावा.