बाजारपेठ आणि तिचा शेजार

रविवारीं सायंकाळीं मुंबईच्या कोट विभागांत एक फेरी मारावी. कामाच्या दिवशीं जेथें पाऊल ठेवण्यास जागा नसते, तेथें पेढ्या बंद व गल्ल्या सुन्या आढळतात. इमारती त्याच, रस्तेही तेच. मग शोभा कोठें गेली? ती माणसांबरोबर त्यांच्या घरीं गेली. शहराच्या मध्यभागाचें बळ आसपासच्या वस्त्यांत असतें, हें या एका फेरींत कळून येतें. मुंबईच्या इतिहासानें हाच धडा वारंवार दिला आहे. तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं कोटाभोंवतीं तट होता. १८६२ सालीं गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत तो पाडण्यांत आला व पुढें तेथें भव्य इमारती उभ्या राहिल्या. तट पडला, तरी भेद उरला. गोदीजवळच्या व गिरण्यांजवळच्या चाळींत एकेका खोलींत अनेक माणसें राहत. त्यांच्या गटारांकडे व हवेकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें. १८९६ च्या सप्टेंबरांत कोटाच्या उत्तरेस असलेल्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगाचें निदान केलें. पाहतां पाहतां लाखों लोक शहर सोडून गेले, गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले आणि परदेशांनीं मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले. चाळींतील रोगानें सावकाराच्या पेढीस कुलूप लाविलें!

१८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा दाट वस्तींत यावी म्हणून त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्यास नव्या वसाहती आंखल्या. परंतु आरंभीं घरें पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक राहिला; उठविलेलीं गरीब कुटुंबें शेजारच्या गल्लींत अधिकच दाटीनें राहूं लागलीं. आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या दारांत लोटल्यानें गांव स्वच्छ होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होय.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. दूर राहून कोटांत नोकरी करणें सुलभ झालें, हें हितकरच झालें. मात्र सकाळीं येऊन सायंकाळीं परतणारा मनुष्य बाजारास आठ-दहा तासच देऊं शकतो. गिरगांव-काळबादेवीचें तसें नव्हतें. तेथील रहिवासी पायीं बाजारांत येत. म्हणून सकाळचा भाजीवाला, दुपारची खाणावळ व रात्रीचें नाटकगृह, सर्वांचाच चरितार्थ चाले. परळच्या गिरण्यांचें कापड मूळजी जेठा बाजारांत येई आणि कामगाराचा पगार दुकानदाराच्या गल्ल्यांत पडे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगार होते. त्यांतील पुष्कळांस पुन्हां गिरणींत काम मिळालें नाहीं. पगार थांबला, तसें लालबाग-परळच्या खाणावळींतील गिऱ्हाईकही थांबलें. पुढें कित्येक चाळींच्या जागीं मनोरे उठले व जुनीं कुटुंबें उपनगरांत गेलीं. ऑपेरा हाऊसजवळचा हिऱ्यांचा व्यापारही २०१० नंतर बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलांत गेला. गिरगांवांतील मराठी शाळांचे वर्ग कसे ओसरले, हें तर तेथील पालकांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शेजार आजारी असेल, तर रोग बाजारांत येतो. आणि शेजार रिकामा झाला, तर दिवे लागलेला बाजारही सुना वाटतो. म्हणून शहर सुधारूं म्हणणाऱ्यानें प्रथम असें विचारावें कीं, येथें काम करणारा मनुष्य जवळपास कोठें राहूं शकेल? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां अभियंते होतील, कांहीं नगरसेवक होतील. शहराचा नकाशा काढतांना त्यांनीं चौकाआधीं राहतीं घरें काढावीं, एवढीच आमची विनंति आहे.