आधी जेवण, मग खोली

तारकर्ली-देवबागच्या एखाद्या घरात खोलीसाठी फोन केला, की तारीख विचारून झाल्यावर पलीकडून पुढचा प्रश्न येतो, "किती माणसां? जेवक काय करू?" बोलणारी बहुधा घरातली बाईच असते. खोलीचं भाडं, समुद्र किती पावलांवर, गाडी लावायला जागा आहे का, हे सगळं त्यानंतर. शनिवार-रविवार सिंधुदुर्गात काढायला निघालेल्या माणसाने हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण मालवणच्या किनाऱ्यावरचा घरगुती निवास स्वयंपाकघराच्या आधाराने उभा राहिला आहे. चूल आधीपासून होतीच, पाहुण्यांच्या खोल्या तिला मागाहून जोडल्या गेल्या.

हा व्यवसाय तसा अलीकडचा. रत्नागिरीतून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली. तोवर मुंबईहून मालवणला येणं म्हणजे एसटीत अख्खी रात्र हाडं खिळखिळी करून घेणं. येणारेही मुख्यतः चाकरमानी, म्हणजे घरचेच. रेल्वेमुळे शुक्रवारी रात्री कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये बसून शनिवारी सकाळी कुडाळला उतरता येऊ लागलं, तिथून रिक्षा किंवा एसटीने मालवण तासाभरावर. दोन दिवसांची सुटी पुरेशी ठरू लागली ती तेव्हापासून.

खोल्या मात्र रेल्वेच्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या. या किनाऱ्यावरची पोरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. आधी गिरणीत, गोदीत, मग कचेऱ्यांत. गावच्या घरात आईवडील आणि चिऱ्याच्या भिंतींमागे कुलूपबंद खोल्या उरल्या. त्या चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडायच्या, एरवी त्यात नारळ, जाळी आणि जुन्या पेट्या. मुंबईची मनीऑर्डर येईल तेव्हा कौलं शाकारायची, नाही आली तर पुढच्या वर्षी बघू, असा हिशेब असे. आज त्याच खोल्यांत मुंबई-पुण्याची अनोळखी माणसं पैसे देऊन झोपतात आणि त्या पैशांतून घराची डागडुजी होते. गावाकडे येणाऱ्या पैशाची वाट बदलली, आणि तो पैसा आता थेट घरातल्या बाईच्या हातात पडतो. माझ्या मते या व्यवसायाने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची 'न्याहारी व निवास' योजना याच घरांना धरून चालली. स्वतःच्या राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, नोंदणी करायची, सकाळचा नाश्ता द्यायचा. महामंडळाचा स्वतःचा निवासही तारकर्लीला आहे आणि त्यामुळे या किनाऱ्याचं नाव दूरवर गेलं. तरी पाहुण्याला जेवू घालायचं काम भोवतालच्या घरांनीच खांद्यावर घेतलं. घर म्हणजे पुढे शेणाने सारवलेलं किंवा फरशी घातलेलं खळं, त्यावर मांडव, मग पडवी, माजघर, आणि मागीलदारी विहीर, माडाची झाडं. पाहुण्याने पडवीत बसावं. आतून खोबरं खवल्याचा आवाज येऊ लागला की जेवणाला अजून दीड तास आहे असं समजावं.

जेवणाची सुरुवात मात्र बंदरावर होते. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी होड्या लागतात, टोपल्या वाळूवर ओतल्या जातात आणि लिलाव सुरू होतो. ज्या घरचा कुणी स्वतः मासेमारीला जातो त्यांना लिलावात उभं राहावं लागत नाही. बाकीच्या बायका भल्या सकाळी येऊन बोली लावतात. या किनाऱ्यावर रापणीची रीत जुनी आहे. होडीने किनाऱ्यापासून अर्धगोल फेरा मारत जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून माणसांनी ओढून घ्यायची. मिळेल त्या माशाचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. गाबीत समाजाच्या कितीतरी वाड्या या वाट्यांवर जगल्या. रापण भरून आली तर त्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक घरात बांगडा किंवा पेडवे असतात, पाहुणा असो वा नसो.

म्हणूनच फोनवर 'सुरमई मिळेल ना?' असं विचारण्यापेक्षा 'उद्या बंदरावर काय येईल ते करा' असं सांगणारा पाहुणा जास्त चांगलं जेवतो. सुरमई-पापलेटच्या हट्टाने घरांवर ताण येतो. भाव चढलेला असताना ते मासे आणायचे, नाहीतर बर्फातले घालायचे, असे दोनच मार्ग उरतात. त्याच सकाळी टोपलीत तारली, मुडदुशे, बांगडे, शेतकं, तिसऱ्या पडलेल्या असतात आणि घरकारणीचा हात खरा बसलेला असतो तो यांच्यावर.

बांगड्याचं तिखलं घ्या. लाल मिरची, धणे, हळद आणि थोडंसं ओलं खोबरं यांचं वाटप बारीक वाटायचं. कढीत नारळ सढळ पडतो, तिखल्यात तोच हात आखडता घेतला जातो, कारण ते अंगाबरोबर दाट राहिलं पाहिजे. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन मीठ-हळद लावून ठेवायची. मग तिरफळं. बी काढून टाकलेली सालं किंचित ठेचायची आणि वाटपात सोडायची. ती फार ठेचली तर कडवटपणा उतरतो, अख्खी ठेवली तर वास आतच राहतो. आंबटाला सोलं, म्हणजे सुकवलेली कोकमं. काही घरांत गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडतात. फोडणी नसते. तिरफळाचा वास बांगड्याच्या तेलकट वासाला असा धरतो की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. हे तिखलं रात्री करून सकाळी घावण्याबरोबर खाल्लं तर आणखी मुरलेलं लागतं. पाहुण्याने हे मागितलं तर घरात त्याच्याबद्दलचं मत ताबडतोब सुधारतं.

माशाच्या आमटीला वाटप कच्चं आणि कोंबडीला भाजलेलं, हा या स्वयंपाकाचा मुख्य भेद. कोंबडीसाठी कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट तांबूस होईपर्यंत भाजायचं, त्यात घरचा मसाला. तो मसाला उन्हाळ्यात वर्षभराचा करून ठेवलेला असतो. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, शिवाय धणे, बडीशेप, दगडफूल, बाद्यान, नागकेशर अशी लांबलचक यादी. प्रमाण घरागणिक वेगळं आणि कागदावर कुठेच नाही. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यालाही हेच भाजलेलं वाटप लागतं. त्यामुळे मासे-कोंबडी न खाणाऱ्या पाहुण्याच्या ताटातली चव उणी पडत नाही. असं शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवणाऱ्यांनी एप्रिलच्या आसपास जावं. ओल्या काजूची उसळ आणि फणसाच्या कुयरीची भाजी तेव्हाच मिळते.

कोंबडीबरोबरच्या वड्यांचं पीठ जाडसर दळलेलं. तांदूळ मुख्य, बरोबर उडदाची डाळ, धणे, मेथी, आणि घराच्या रीतीप्रमाणे आणखी एखादी गोष्ट. गरम पाण्यात मळून ते काही तास झाकून ठेवायचं. गोळा केळीच्या पानावर घेऊन ओल्या बोटांनी थापायचा, पुरीपेक्षा जाड, आणि पान उलटं करून अलगद तेलात सोडायचा. झाऱ्याने वर तेल उडवलं की तो टम्म फुगतो. वडे आधी तळून ठेवता येत नाहीत, माणूस ताटावर बसला की तळायचे. सहा माणसं जेवत असतील तर बाई तेवढा वेळ कढईपुढे उभी असते. गावठी कोंबडी हवी असेल तर ती आदल्या दिवशी सांगावी लागते. शिजायला वेळ लागतो हे एक कारण, आणि ती आधी वाडीत कुणाकडून तरी मिळवावी लागते हे दुसरं. शेवटी सोलकढी. नारळाच्या रसात कोकमाचं आगळ, लसूण, मिरची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या घरांत आगळाच्या बाटल्या मे महिन्यात भरतात, पाऊस पडायच्या आत, आणि वर्षभर पुरवतात.

पहाटे पाचला उठून बंदर, नाश्ता, खोल्यांची झाडलोट, दुपारचं जेवण, पुन्हा रात्रीचं, असा या बायकांचा सुटीच्या हंगामातला दिवस असतो. ताटाच्या दरावरून घासाघीस करणाऱ्यांनी तेवढे नारळ एकदा आडाळ्यावर बसून खवून पाहावेत. २०२३ साली राज्याने 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. मे २०२१च्या तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर कौलं उडवली, माड पाडले, तेही टाळेबंदीने पाहुणे बंद असताना. तशा वेळी स्वतःच्या नावावरच्या कर्जाचा आधार काय असतो, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात विचारावं.

मालवण सोडून दक्षिणेकडे सरकलं की ठिकाणं निवांत होत जातात. कर्ली नदी ओलांडली की भोगवे, मग निवती. परुळ्याला 'माचली' नावाचं शेतघर आहे. पिकाची राखण करायला शेतात बांधतात त्या माचांवरून त्याच्या खोल्या सुचल्या, माडा-पोफळींच्या बागेत, वहाळाच्या काठी. जेवण मातीच्या भांड्यांतलं. भोगव्याला 'कोको शांभाला'च्या महागड्या बंगल्याही आहेत, ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी. सावंतवाडीच्या राजवाड्यात आता राहता येतं, आणि तिथल्या दरबारात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कलाकार काम करताना दिसतात. वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३०चा. २०२०मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावरच्या भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. दोन दिवसांत हे सगळं उरकायचा अट्टाहास करू नये. सिंधुदुर्ग किल्ला मात्र चुकवू नये. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींना गोडं पाणी आहे.

चिंतेची गोष्ट ताटाखालची आहे. १९८७ साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तरी पर्ससीन जाळ्यांनी खोल पाण्यातले माशांचे थवेच्या थवे उचलले जाऊ लागल्यावर रापणी रिकाम्या येऊ लागल्या, आणि त्यावरून पारंपरिक मच्छीमारांचे मोठे संघर्ष झाले. २०१६ साली राज्याने या जाळ्यांवर निर्बंध घातले, पण तक्रारी थांबलेल्या नाहीत. ज्या घराची सगळी कीर्ती सकाळच्या टोपलीवर उभी आहे, त्याला हा प्रश्न परका नाही. हे निर्बंध कडक पाळले जावेत अशी मागणी पर्यटन व्यावसायिकांनी मच्छीमारांच्या बरोबरीने केली पाहिजे.

बहुतेक लोक डिसेंबर आणि मे धरून जातात, तेव्हा तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते. मी पावसाळा सुचवेन. १ जूनपासून मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, दर्या खवळलेला. म्हणून घरं रिकामी असतात आणि बाईला बोलायला वेळ असतो. उन्हाळ्यात खारवून ठेवलेला बांगडा निखाऱ्यावर भाजला जातो, गोलम्याचं, म्हणजे सुक्या जवळ्याचं किसमूर होतं, मळ्यातल्या कुर्ल्या येतात, टाकळा-फोडशीच्या भाज्या निघतात, उकड्या तांदळाची पेज सकाळी मिळते. श्रावण लागला की मात्र पुष्कळ घरांत महिनाभर मासे शिजत नाहीत, तेव्हा आधी विचारावं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. कुडाळला उतरायला उशीर होणार असेल तर गाडीतूनच घरी कळवा, म्हणजे वड्यांचं पीठ त्या हिशेबाने मळलं जाईल.