कुत्र्याच्या गोचिडी भिंतीत शोधा



राखणीच्या कुत्र्याच्या कानात एरंडीच्या बीसारख्या टपोऱ्या गोचिडी दिसल्या की आपण त्या उपटतो आणि निर्धास्त होतो. पुढे काही दिवसांत पुन्हा तेच! पुष्कळांना वाटतं, गुरांकडून आल्या. पण गुरांची गोचीड निराळी, कुत्र्याची तपकिरी गोचीड निराळी. ही जन्मात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी पोट भरलं की खाली उतरून भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, वाशाच्या खाचेत दडते. तिथंच कात टाकते. शेवटी मादी हजाराच्या वर अंडी घालते. उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरते.

म्हणून कुत्र्याला औषध लावाल त्याच दिवशी त्याची बसायची जागाही झाडून घ्या, फवारा, भेगा लिंपा. फवारा वाळेपर्यंत जनावर आत सोडू नका.

पिसवांची अंडी अंगावरून अंथरुणात गळतात. पोतं दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाका. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो, त्यातून पट्टकृमी होतो. शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात ते त्याचेच.

अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बिडीचा चटका, रॉकेल हे प्रकार नकोत. बोटाने चिरडूही नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. कुत्रा खाईना, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी लाल-काळपट झाली, तर गोचीडताप समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर टाकलं तर कुत्रा हातचा जातो.

आता मांजराचं. गोठ्यात फवारून उरलेलं औषध "थोडंसंच" म्हणून मांजराला चोळणारे आहेत. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही नावं बाटलीवर असली तर ती मांजरापासून लांब ठेवा. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंबही मांजराला चालत नाहीत. त्याच्या शरीरात हे विष लवकर निकामी होत नाही, शिवाय ते अंग चाटतं. मांजराचं औषध डॉक्टरांकडून, वजन सांगून घ्या. तोवर बारीक दातांच्या फणीने विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा.

चुकून लावलंच आणि मांजर थरथरू लागलं, तर थांबू नका, बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा.