बिऱ्हाडाला जागा

वंशभेद हा शब्द उच्चारला की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिका उभी राहते. १८९३ साली पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर बॅरिस्टर गांधींना गाडीतून खाली उतरविण्यात आले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पाप गोऱ्यांचे आणि आपण त्याचे बळी, अशी त्यामुळे आपली एक सोयीची समजूत होऊन बसली आहे. ती गोष्ट खरी आहे. समजूत मात्र अपुरी आहे. रोजच्या व्यवहारातील भेदभाव आगगाडीच्या डब्यापेक्षा घराच्या उंबरठ्यावर अधिक भेटतो, आणि त्या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला बहुधा आपणच उभे असतो. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण बडोद्याचे आहे.

बडोद्याचे नाव मराठी माणूस आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा त्यापूर्वीच काढल्या होत्या. ह्याच राजाने १९१३ साली भीमराव आंबेडकर ह्या तरुणास शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता. तो पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास उतरले. विद्या होती, हुद्दा होता, राजाची मर्जी होती. नव्हती ती फक्त राहावयास जागा.

हिंदू खाणावळीत जात विचारली जाणार, म्हणून ते एका पारशी विश्रांतिगृहात गेले. तेथेही पारशी नाव नोंदविल्यावरच खोली मिळाली. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला एक जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे त्याने बजावले. शहरात एक हिंदू स्नेही होता. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याचे म्हणणे पडले. एक ख्रिस्ती स्नेही होता. त्याने पत्नीच्या मताकडे बोट दाखविले. एका दिवसात तीन धर्मांची दारे बंद झाली. रात्री नऊच्या गाडीपर्यंतचा बराचसा वेळ आंबेडकरांनी कमाठी बागेत काढला, आणि मग ते मुंबईस परतले. ती बाग आता सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. तिच्यातील त्या जागेस संकल्पभूमी म्हणतात व दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

ह्या हकीकतीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. राजाला शाळा काढता येते, शिष्यवृत्ती देता येते, नोकरीचा हुकूम काढता येतो. शेजार मात्र त्याला देता येत नाही. तो शेजाऱ्यानेच द्यावयाचा असतो. जो माणूस सातासमुद्रापलीकडे चार वर्षे राहून आपण अस्पृश्य आहोत हे विसरून गेला होता, त्याला त्याची आठवण करून दिली ती कोणा कायद्याने नव्हे, तर बिऱ्हाडाच्या शोधाने.

जात आणि वंश ह्यांची अशी सांगड घालणे म्हणजे ओढूनताणून आणलेले साम्य, असे कोणी म्हणेल. परंतु महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, आणि १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉईस ह्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले. फरक असेल तर एवढाच, की कातडीचा रंग दिसतो आणि जात विचारावी लागते. म्हणूनच आपल्याकडचा भेदभाव शिवीने सुरू होत नाही. तो आदबीने विचारलेल्या प्रश्नाने सुरू होतो. आडनाव काय? मूळ गाव कुठले?

प्रस्तुत लेखकाने बडोद्यात जागा शोधताना हे दोन प्रश्न तर ऐकलेच. पण त्यांच्यामागून तिसराही आला: तुमच्यात मासळी खातात काय? हुमणावर वाढलेल्या माणसाने ह्याला काय उत्तर द्यावे? आपल्या किनाऱ्यावरून नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या पुष्कळांना हा अनुभव आहे आणि तो ते रागाने सांगतात. राग रास्त आहे. मात्र हीच मंडळी गावी दोन खोल्या भाड्याने देताना कोणते प्रश्न विचारतात, हेही एकदा पाहावे. २०१३ साली पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याचे देशबांधव पर्वरीच्या महामार्गावर उतरले, तेव्हा आपल्याच एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली आणि नायजेरियनांना घरे देऊ नयेत, अशी भाषा उघड सुरू झाली. अपराध करणाऱ्यास शासन व्हावे, ह्याबद्दल दुमत नाही. पण रंगावरून एका अख्ख्या देशाला दार बंद करणे ह्याला शासन म्हणत नाहीत.

बडोद्याचेही दार पुरते उघडलेले नाही. महानगरपालिकेच्या घरयोजनेत एका मुसलमान स्त्रीला रीतसर मिळालेल्या सदनिकेविरुद्ध तेथील रहिवाशांनी २०२४ साली आंदोलन केले. आक्षेप तिच्या वर्तनाला नव्हता, धर्माला होता. कायदा अशा वेळी फार दूरवर पोहोचत नाही. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्याने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव सर्वांना खुले केले; खाजगी बिऱ्हाड त्या यादीत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय काहीही असो, माणसामाणसांतील अंतर त्याने कमी झालेले नाही.

तेव्हा हा प्रश्न पुन्हा घरमालकापाशीच येऊन थांबतो. भाडे वेळेवर द्याल काय, जागा नीट राखाल काय, शेजाऱ्यांना उपद्रव तर होणार नाही ना, हे विचारण्याचा त्याचा अधिकार कोणीही नाकारणार नाही. ह्यापलीकडचा प्रश्न ओठावर आला तर त्याने क्षणभर थांबावे. खोली दाखविण्याआधी आडनाव विचारण्याचे कारण काय, ह्याचे उत्तर त्याने दुसऱ्या कोणाला नाही, निदान स्वतःला तरी द्यावे.