विश्लेषण : मे महिन्यात लाडका, जूनमध्ये नकोसा! गुलमोहर खरेच धोकादायक आहे का?

मे महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेटजवळच्या गुलमोहराचे फोटो फिरतात. ‘काय फुललाय यंदा!’ असे मेसेज येतात. महिनाभरात पहिला वादळी पाऊस होतो, त्याच झाडाची फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडते आणि त्याच ग्रुपवर नवा मेसेज येतो, ‘हे झाड आधी कापून टाका.’ दोन्ही मेसेजमध्ये तथ्य आहे. गुलमोहर देखणा आहे आणि ठिसूळही. मात्र तो कोसळतो त्यात झाडाचा दोष किती आणि त्याच्या बुंध्याशी आपण केलेल्या कामांचा किती, हे पाहायला हवे.

गुलमोहर आला कुठून?

गुलमोहर इतका आपलासा झाला आहे की तो परदेशी आहे हे अनेकांना खरे वाटत नाही. शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया. मूळ घर आफ्रिकेच्या पूर्वेकडील मादागास्कर बेट. तिथल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातला हा वृक्ष एकोणिसाव्या शतकात शोभेचे झाड म्हणून जगभर पसरला आणि भारतातही रुजला. कॅरेबियन समुद्रातील सेंट किट्स अँड नेव्हिस या देशाचे तर ते राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडे साताऱ्यात दरवर्षी १ मे रोजी ‘गुलमोहर दिन’ साजरा होतो.

शहरांनी त्याला का निवडले?

कारण तो लवकर वाढतो, फारशी निगा मागत नाही आणि काही वर्षांतच फुलू लागतो. रस्त्याकडेला झटपट हिरवळ दाखवायची असेल तर याहून सोपे झाड मिळणे कठीण. उंची साधारण १० ते १५ मीटर, पण फांद्यांचा पसारा अनेकदा उंचीपेक्षाही जास्त. त्यामुळे छत्रीसारखा आकार मिळतो. एप्रिल ते जूनमध्ये, बाकी शहर उन्हाने करपलेले असताना, हे झाड लाल-केशरी होते. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार लाल असतात आणि पाचवीवर पांढऱ्या-पिवळ्या रंगाची नक्षी असते. पुंकेसर एकमेकांत अडकवून लावलेल्या झुंजी, कळीच्या पाकळ्यांची नखे आणि वाळक्या शेंगांच्या तलवारी हे अनेकांच्या उन्हाळी सुट्टीचे बिनपैशाचे खेळ होते.

सावलीबाबत मात्र एक गोम आहे. हा पानगळीचा वृक्ष असल्याने फेब्रुवारी-मार्चपासून त्याची पाने झडतात. ऊन तापू लागते तेव्हाच अनेक गुलमोहर जवळपास निष्पर्ण असतात. गर्द सावली मिळते ती पावसाच्या तोंडावर नवी पालवी फुटल्यानंतर.

मग तो पडतो का?

पहिले कारण लाकूड. झपाट्याने वाढणाऱ्या अनेक झाडांप्रमाणे गुलमोहराचे लाकूड मऊ आणि ठिसूळ असते. दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद कोनात फुटल्या असतील, तर तो सांधा आणखी कच्चा राहतो.

दुसरे कारण मुळे. गुलमोहराची मुळे फार खोल जाण्याऐवजी जमिनीच्या वरच्या थरात आडवी पसरतात. मोकळ्या मैदानात हा पसाराच झाडाला धरून ठेवतो. फुटपाथवर मात्र त्याच मुळांमुळे फरशा उचलल्या जातात, कुंपणाच्या भिंतींना तडे जातात आणि मग मुळांवरच घाव पडतो.

तिसरे कारण वारा. झाड म्हणजे एक लांब तरफच. वारा वर फांद्यांच्या पसाऱ्याला ढकलतो आणि त्याचा ताण खाली बुंध्यावर व मुळांवर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर ढोबळमानाने चौपट होतो. त्यात जूनमध्ये पसारा नव्या पानांनी भरलेला, पाने पावसाने जड झालेली आणि माती भिजून सैल पडलेली. म्हणजे वरचा भार वाढतो तेव्हाच खालची पकड ढिली होते. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या चक्रीवादळांत मुंबई-कोकणात असंख्य झाडे पडली. त्यात देशी झाडेही होती, हे विसरता कामा नये.

आपला वाटा किती?

बराच. केबल, पाइप किंवा गटारासाठी बुंध्यालगत चर खोदला की त्या बाजूची मुळे तुटतात. वरून झाड हिरवेगार दिसते, पण त्याचा एका बाजूचा आधार गेलेला असतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले की मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की तोल दुसरीकडे जातो. वेड्यावाकड्या छाटणीच्या जखमांतून बुरशी शिरते आणि खोड आतून पोखरले जाते.

दिल्लीतील झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बुंध्याभोवतीचे एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचे आदेश दिले होते. आपल्या गल्लीतील झाडाभोवती एवढी माती आहे का, हे कोणालाही टेपने मोजता येईल.

तोडून टाकणे हा उपाय आहे का?

धोकादायक झाड काढावेच लागते. पण परस्पर नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड सोसायटीच्या आवारात असले तरी हाच नियम. अनेकदा वाळक्या फांद्या काढणे, पसारा संतुलित करणे आणि बुंध्याची माती मोकळी करणे एवढ्यावर भागते. हे काम पावसाळ्याआधी, जाणकाराकडून व्हायला हवे.

नवीन झाड लावताना मात्र जागा पाहून निवड करावी. गुलमोहर मैदान, बाग किंवा रुंद आवारात शोभतो. अरुंद फुटपाथ, विजेच्या तारा आणि पार्किंगची जागा त्याच्यासाठी नाही. फुलेच हवी असतील तर बहावा आणि राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण ही आटोपशीर देशी झाडे आहेत. मात्र काँक्रीटने गळा आवळला तर तीही तगणार नाहीत.

धोका कसा ओळखाल?

- झाड अचानक कलू लागले आहे
- बुंध्याजवळची माती उचलली गेली आहे किंवा तिला भेगा पडल्या आहेत
- बुंध्यावर छत्रीसारखी किंवा कडक थरांची बुरशी दिसते
- खोडात पोकळी आहे किंवा मोठ्या फांद्या वाळल्या आहेत
- जवळच नुकताच चर खोदला गेला आहे

यापैकी काही दिसले तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी तक्रार करा. मुंबईत आपत्कालीन मदतीसाठी १९१६ हा क्रमांक आहे. वादळी पावसात कोणत्याही मोठ्या झाडाखाली थांबू नका, गाडीही लावू नका. पडलेल्या झाडात वीजवाहिनी अडकली असेल तर जवळ जाऊ नका.

आणि यंदा फुललेल्या गुलमोहराचा फोटो काढाल तेव्हा एक फोटो बुंध्याचाही काढा. ग्रुपवर पहिला टाका, तक्रारीसोबत दुसरा जोडा. जूनमध्ये कामी येईल तो दुसराच.