हाडवैद्याच्या मुलाची लोखंडी कडी

दहीहंडीचे थर कोसळून गोविंदा जखमी झाल्याच्या बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास विचारला जातो : मांडीचं हाड मोडल्यानं माणूस दगावतो कसा?

दगावतो तो रक्त गेल्यानं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं की त्यातलं लिटर-दीड लिटर मांडीतच साचू शकतं. कातडी शाबूत असते, बाहेर थेंबही येत नाही. भोवतीची माणसं म्हणतात, 'वरून काही लागलेलं दिसत नाही.'

मांडीचे स्नायू फार ताकदीचे. हाडाचा आधार सुटताच ते आखडतात, मोडकी टोकं एकमेकांवर चढून मांसात रुततात, पाय आखूड होतो आणि मांडी फुगते. गिरणीत न्यायची दळणाची लांबट कापडी पिशवी डोळ्यांसमोर आणा. सैल सोडली की तिचं पोट सुटतं आणि बरंच पीठ मावतं. दोन्ही टोकं धरून ताणली की पोट आत जातं. कापड तेवढंच, जागा मात्र कमी. मोडलेला पाय ताणून धरला की रक्ताला साचायला अशीच कमी जागा उरते, शिवाय हाडाची टोकंही हलायची थांबतात.

हा ताण देणारं साधन ह्यू ओवेन थॉमस यांनी लिव्हरपूलमध्ये बनवलं, तेही गुडघ्याच्या क्षयासाठी. ते वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील इव्हान नावाजलेले हाडवैद्य होते, पण डॉक्टरांनी त्यांना इतकं छळलं की त्यांनी पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केलं. ह्यू यांनी घरामागच्या कारखान्यात लोहार आणि चामड्याचा कारागीर कामाला ठेवले होते. दर रविवारी ते गरिबांना फुकट तपासत. मोठ्या इस्पितळात त्यांना कधी पद मिळालं नाही. १८९१ मध्ये वयाच्या ५६व्या वर्षी ते गेले. आज जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञ त्यांचं नाव घेतात. हयातीत मात्र त्यांच्या पदरी उपेक्षाच आली.

पुढे त्यांचे शिष्य आणि नात्यातले भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात या साधनाचा आग्रह धरला. चामड्यानं मढवलेली कडी जांघेपर्यंत सरकवायची, पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी दांडे, बुटाला बांधलेली पट्टी खालच्या टोकाला आवळायची आणि तिच्यात काडी घालून पीळ द्यायचा. पँट काढायची नाही, बूटही नाही. अंधारातही हात चुकू नये म्हणून स्ट्रेचर उचलणाऱ्या शिपायांकडून हा सराव डोळ्यांवर पट्टी बांधून करून घेतला जाई. १९१७ मध्ये फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत मांडीचं हाड मोडलेल्या हजारावर जखमींमध्ये मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास राहिलं, अशी नोंद शल्यविशारद हेन्री ग्रे यांनी केली आहे. आधी ते ८० टक्के होतं, असं सर्रास लिहिलं जातं. तो आकडा जपूनच घ्यावा, कारण युद्धाच्या सुरुवातीच्या नोंदी विस्कळीत होत्या आणि लवकर होणाऱ्या शस्त्रक्रियांचाही या यशात वाटा होता. तरीही त्या कडीचं मोल कमी होत नाही. जखमीला हलवण्याआधी पाय स्थिर करायचा, हे वैद्यकानं तिच्यामुळे अधिक मनावर घेतलं.

आपल्याकडे आजही नेमकं इथेच चुकतं. पडलेल्याला दोन्ही हात-पाय धरून उचलतात आणि रिक्षात कोंबतात. कोणी तेल चोळतं, कोणी पाय ओढून 'बसवायला' बघतं. ताण देणं प्रशिक्षित माणसाचंच काम. इतरांनी पाय ओढू नये. मांडी सुजत चालली, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, चेहरा पांढरा पडला, घाम थंडगार आणि नाडी जलद झाली, तर रक्त आत वाहतंय असंच धरून चालावं.

अशा वेळी माणसाला आहे तिथेच ठेवावं आणि पांघरूण घालावं. चहा-पाणी देऊ नये, कारण पुढे भूल द्यावी लागू शकते. मदतीला खरंच उशीर होणार असेल तर दोन्ही पायांमध्ये घडी घातलेली चादर ठेवून मोडका पाय चांगल्या पायाला बांधावा. गाठ मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नये. बोटं गार किंवा निळी पडली तर बांधलेलं लगेच सैल करावं. आणि १०८ ला फोन लावाल तेव्हा नुसतं 'पडलाय' म्हणू नका, 'मांडीचं हाड मोडल्यासारखं वाटतंय' असं स्पष्ट सांगा.