साइट उडाली

लाइट गेली, मोटर जळाली, साइट उडाली. आमच्या खर्ड्यात ही तिन्ही वाक्यं एकाच सुरात म्हटली जातात. कुणी घालवली, कुणी जाळली, कुणी उडवली हे विचारायचं नसतं. झालं, एवढंच सांगायचं आणि पुढच्या सोयीला लागायचं.

तिसरं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑगस्ट २०२० मध्ये. टाळेबंदीचे दिवस, शाळा बंद, भाचा नववीत. अंगणात मोबाइल घेऊन आला आणि घरात कुणी वारल्यासारख्या आवाजात म्हणाला, “मामा, साइट उडाली.” किसअॅनिमे नावाचं जपानी कार्टूनांचं एक चोरटं संकेतस्थळ १४ ऑगस्टला कायमचं बंद पडलं होतं. मी म्हणालो, दुसरी बघ. तो म्हणाला, “दुसरी आहेच. पण माझी यादी त्यात होती ना.” कुठली मालिका कितव्या भागापर्यंत पाहिली, कुठली अजून पाहायची आहे, याची दोन वर्षांची नोंद त्या साइटबरोबर गेली. कायद्यानं त्याचं केलेलं नुकसान हे एवढंच, आणि त्याच्या लेखी ते फार मोठं होतं.

तेव्हापासून या प्रकाराचा माग काढायचा माझा चाळा चालू आहे. जपानी लोक आपल्या देशाबाहेरच्या चाहत्यांना ‘कायगाई’चे चाहते म्हणतात. शब्दशः अर्थ, समुद्रापलीकडचे. बालाघाटाच्या पायथ्याला, जामखेड तालुक्यात, जिथं पावसाळ्याबाहेर नदीलाही पाणी नसतं, तिथला हा पोरगा टोकियोच्या हिशेबात समुद्रापलीकडचा. त्याच्यासाठी कायदा कुणी केला? टोकियोत काही झाला, दिल्लीत काही, मुंबईत काही. खर्ड्यात तो पोचला तो फक्त न उघडणाऱ्या पानाच्या रूपात.

सुरुवातीला चोरीची गरजच नव्हती. १९९३ च्या सुमाराला दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. तो जपानी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. निप्पॉन अॅनिमेशननं १९८९ मध्ये केलेली ती मालिका हिंदी आवाजात, गुलजारांच्या गाण्यासह आमच्यापर्यंत आली आणि फुकट आली. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या ओसरीवर निम्मी गल्ली. पुढं केबल आली, हंगामा वाहिनीवर डोरेमॉन आणि शिनचॅन आले, तेही हिंदीत. २००४ मध्ये फक्त अॅनिमेसाठी, म्हणजे जपानी कार्टूनांसाठी, अॅनिमॅक्स नावाची वाहिनी भारतात सुरू झाली, पण आमच्या केबलवाल्याकडे ती कधी लागली नाही. मागणी करायला गेलेल्या पोरांना त्यानं विचारलं, “किती जण बघणार? तिघं?” २०१७ मध्ये ती वाहिनीच बंद झाली. म्हणजे आमच्या गावापुरतं बोलायचं तर जे कधी आलंच नाही तेच गेलं.

दरम्यान बसस्टँडकडच्या मोबाइलच्या दुकानांवर पाट्या लागल्या होत्या: गाणी, पिक्चर भरून मिळतील. दुकानातल्या संगणकाला मेमरी कार्ड लावायचं, काय हवं ते सांगायचं, वीस-तीस रुपये द्यायचे. नारुतो या जपानी मालिकेचे भाग असेच आले. कुणीतरी कुठंतरी हौसेनं इंग्रजी अक्षरं चढवलेले, पुसट, तळहाताएवढ्या चित्राचे. दुकानदाराला नारुतो म्हणजे काय ते कळत नव्हतं. तो फोल्डरला ‘चायना कार्टून’ म्हणायचा.

खरं तर कायद्याच्या चौकटीत बसणारा गुन्हेगार या सगळ्या गोष्टीत तोच एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये व्हिडिओ कॅसेटींचा जमाना ओळखून दुरुस्ती झाली, शिक्षा वाढवल्या. कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. महाराष्ट्रानं २००९ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्ती यांना खटल्याविना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येणाऱ्या १९८१ च्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट्स’ घातले. पुढं त्याच नावात वाळू तस्करही आले. या कायद्याचं एमपीडीए हे लघुनाव घेतलं की आमच्याकडे वाळूवालेच आठवतात. पण कायद्याचं पूर्ण नाव वाचलं तर वाळूचे ट्रक पळवणाऱ्याच्या शेजारी, त्याच ओळीत, पिक्चर चोरणारा उभा आहे. चायना कार्टूनवाल्या दुकानदाराला हे कुणी वाचून दाखवलं असतं तर तो आधी हसला असता आणि मग शटर ओढून घेतलं असतं. अर्थात त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. पाटी पुसली ती इंटरनेट स्वस्त झालं तेव्हा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि एका हंगामात कार्ड भरायचा धंदा बसला.

आणि मग पोरं थेट साइटवर गेली, तेव्हा कायदा त्यांना पहिल्यांदा भेटला.

साइट बंद करण्याची आपल्याकडची रीत ‘जॉन डो’ आदेशांतून आली. चोर कोण ते माहीत नाही, म्हणून अनामिकाविरुद्ध मनाई हुकूम घ्यायचा. भारतीय वळणात या अनामिकाचं नाव ‘अशोक कुमार’ पडलं. २०११ मध्ये ‘सिंघम’साठी दिल्ली उच्च न्यायालयातून असा आदेश निघाला आणि फायली ठेवायच्या साइट काही ग्राहकांना दिसेनाशा झाल्या. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून इंटरनेट कंपन्यांनी दोन दाक्षिणात्य चित्रपटांसाठी व्हिमिओसारखी रीतसर साइटही बंद केली. शेवटी न्यायालयालाच सांगावं लागलं की नेमके पत्ते बंद करा, अख्खी साइट नको. त्या सरसकट झाडाझडतीत जपानी कार्टूनं सुक्याबरोबर ओलं जळावं तशी जळाली. ती कुणाच्या यादीत नव्हती. कुणी जपानी कंपनी तक्रार घेऊन आली नव्हती. फक्त एकाच कोठारात ठेवलेली होती.

या मागोव्यात मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते २०१६ च्या उन्हाळ्यानंतरच्या दोन महिन्यांवर, कारण तेव्हाची भीती मी डोळ्यांनी पाहिली आहे. जुलैमध्ये किकअॅस टॉरेंट्सचा चालक पोलंडमध्ये पकडला गेला आणि साइट गेली. ऑगस्टमध्ये बंद साइटवर एक पाटी झळकू लागली. हा पत्ता सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशानं रोखला आहे. यातला मजकूर पाहणं, उतरवून घेणं, दाखवणं वा नक्कल करणं हा गुन्हा आहे. तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. ‘पाहणं’ हा शब्द त्यात होता. गावातल्या एका पोरानं ती पाटी पाहून मोबाइल बंद केला, सिमकार्ड काढून पिठाच्या डब्यात ठेवलं आणि दोन दिवस घराबाहेर पडला नाही. पुढं बरेच दिवस त्याला ‘तीन लाख’ म्हणूनच हाक मारायचे. गंमत अशी की कलम ६३ मधला दंड जास्तीत जास्त दोन लाखांचा. पाटीनं कायद्यापेक्षा लाखभर जास्त मागितला होता.

हा गोंधळ सोडवला तो मुंबई उच्च न्यायालयानं. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी आधी निर्मात्यांना सुनावलं होतं की सरसकट साइट बंद करून मिळणार नाहीत, तपासलेली यादी शपथपत्रावर आणा. पुढं ही पाटीच त्यांच्यासमोर आली. ऑगस्टअखेरीस त्यांनी स्पष्ट केलं की चोरटी प्रत नुसती पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. गुन्हा आहे तो वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात वा भाड्यानं देण्यात. पाटीचा मजकूर बदलायला सांगितला. आता हा निकाल खर्ड्यात कुणापर्यंत पोचला? पाटी सगळ्यांपर्यंत पोचली, खुलासा कुणापर्यंतच नाही. ‘तीन लाख’ला मी हे सांगितलं तेव्हा मधे चार वर्षं गेली होती. तो म्हणाला, “मग माझे दोन दिवस?”

पण ‘पाहणं गुन्हा नाही’ म्हणजे पाहणं निर्मळ, असं मला म्हणायचं नाही. ‘आम्ही पाहतो म्हणून तर त्यांचं नाव होतं’ हा चाहत्यांचा आवडता युक्तिवाद मला लंगडा वाटतो. नाव होतं चित्रकाराचं, पैसे जातात साइटवाल्याला, त्या रमी-जुगाराच्या फडफडणाऱ्या जाहिरातींतून. जपानमध्ये मांगामुरा नावाच्या साइटनं हजारो मांगा, म्हणजे चित्रकथांची पुस्तकं, फुकट वाचायला ठेवली. ती २०१८ मध्ये बंद झाली, चालक फिलिपिन्समध्ये सापडला, २०२१ मध्ये फुकुओकाच्या न्यायालयानं त्याला तीन वर्षांची कैद दिली. २०२४ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं त्याला तीन प्रकाशकांना सुमारे १७० कोटी येन भरपाई द्यायला सांगितलं. मांगामुराच्या धक्क्यातून जपाननं कायदा कडक केला. चित्रपट-संगीताचं चोरटं डाउनलोड २०१२ पासूनच तिथं शिक्षेस पात्र होतं. १ जानेवारी २०२१ पासून मांगाही त्यात आला. पण तो लागू जपानमध्ये. समुद्रापलीकडच्या वाचकाला तो शिवू शकत नाही. म्हणून मग साइटच्याच मुळावर घाव घालायचा.

इथं खर्ड्याच्या माणसाला एक उपमा सुचणं अटळ आहे. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांशी लढताना निजामानं आमच्या भुईकोटात आसरा घेतला. किल्ला कुणी फोडला नाही. वेढा पडला, रसद आणि पाणी तुटलं आणि तहावर सही झाली. साइट बंद करणाऱ्यांचा डाव तोच. फरक इतकाच की निजामाला दुसरा किल्ला मिळाला नाही, साइटला मात्र नव्या नावानं तो लगेच मिळतो. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये यावरही तोड काढली. साइटनं नाव बदललं की नव्या नावालाही तोच आदेश लागू, पुन्हा खटला नको. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर अजून न बनलेल्या कलाकृतींनाही संरक्षण देणारा आदेश निघाला. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त होऊन चित्रपटाच्या चोरीला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आला. ‘तीन लाख’चं टोपणनाव अखेर कायदेशीर झालं!

साइटांनी नावं बदलणं मात्र सोडलं नाही. झोरो २०२३ मध्ये अॅनिवॉच झाली, २०२४ मध्ये हायअॅनिमे. नाइनअॅनिमे अॅनिवेव्ह झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीही गेली. भाचा एव्हाना कॉलेजला पुण्यात. त्याचा फोन आला. वाक्य तेच, पण या वेळी आवाजात दुखवटा नव्हता. “उडाली. पण मी तिकडं नव्हतोच हल्ली.”

का नव्हता? कायद्यानं त्याला हटवलं नव्हतं. जपानच्या शुएशा प्रकाशनानं २०१९ पासून मांगा प्लसवर नवी प्रकरणं जपानइतक्याच लवकर, फुकट आणि रीतसर द्यायला सुरुवात केली होती. म्यूझ कंपनीनं यूट्यूबवर अख्ख्या मालिका परवान्यानं टाकल्या. आणि क्रंचीरोलनं भारतातला दर महिना ७९ रुपयांवर आणला. बसस्टँडवरच्या दुकानात तीन-चार वेळा कार्ड भरायला लागायचे तेवढेच पैसे. वर हिंदी आवाज. इतक्या वर्षांत आदेश, पाट्या आणि कलमांनी जे झालं नाही ते एका दरपत्रकानं केलं. त्याआधी २०१९ मध्येच जपानी दिग्दर्शक शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात लागावा म्हणून पन्नास हजारांहून जास्त चाहत्यांनी सह्या केल्या होत्या आणि ११ ऑक्टोबरला तो लागलाही. आम्हाला तिकीट काढायचं आहे, खिडकी उघडा, एवढंच त्या अर्जाचं म्हणणं. चोर म्हणून ज्यांची गणना चालली होती तीच ही माणसं.

खिडकी उघडली, पण सगळ्यांसाठी नाही. क्रंचीरोलवर हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज आले. मराठी त्यात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डीमन स्लेयरचा ‘इन्फिनिटी कॅसल’ भाच्यानं पुण्यात मोठ्या पडद्यावर पाहिला. त्याच्या धाकट्या बहिणीला खर्ड्यातून त्यासाठी नगर गाठायचं तर जवळपास शंभर किलोमीटर. ती काय करते ते मी विचारत नाही. टेलिग्रामवर काय काय फिरतं ते मलाही दिसतं.

आणि एक गोष्ट राहिलीच. ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी केलेला भारत-जपानचा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या महोत्सवात दाखवला गेला, पण देशभर पडद्यावर असा लागला तो थेट २४ जानेवारी २०२५ ला. मधली बत्तीस वर्षं तो कधीमधी टीव्हीवर आणि एरवी कुणीकुणी चढवलेल्या फिकट प्रतींवर जगला. आमच्या घरात तो माहीत होता तो त्याच दुकानातल्या कार्डामुळे. ‘चायना कार्टून’ फोल्डरमध्येच दुकानदारानं राम भरून दिला होता. तो चोरटा होता, यात वाद नाही. पण तेव्हा आमच्या गावात विकत मागायचा तर कुणाकडे?

दिवाळीत भाचा आला होता. कपाट आवरताना ते कार्ड सापडलं, चार जीबीचं, नखाएवढं, कागदाच्या पुडीत. त्यानं आपला मोबाइल उलटसुलट करून पाहिला.

“मामा, ह्याला कार्डाची खाचच नाही.”

मग शेजारच्या घरी एक जुना फोन आहे का ते बघायला तो उठून गेला.